जास्तीचे टोमॅटो

टोमॅटो लावायला मला कोणीही सांगितलं नव्हतं. डॉक्टर एवढंच म्हणाले होते की बाहेरच्या भाज्या नीट धुऊन वापरा. पण तेव्हा मला हात रिकामे ठेवणं जमत नव्हतं. दुकान बंद करून वर्ष होत आलं होतं. शाळांचे गणवेश सगळे रेडिमेड झाले आणि मार्केटमागच्या गल्लीतलं माझं मशीन नुसतं धूळ खाऊ लागलं, तेव्हा मीच शटर ओढलं. मैसूरबाहेर बोगादीच्या पुढे आम्ही बांधलेल्या छोट्या घरामागे जमिनीचा एक पट्टा मोकळा पडला होता. ही आजारी पडली आणि मी कुदळ घेतली, दोन्ही एकाच आठवड्यात.

ही म्हणजे माझी बायको. तिचं नाव मी कधी घेतलं नाही, आता लिहितानाही घेववत नाही. तिच्या पोटात आजार होता. त्याचंही नाव मी घेत नाही, पण ते रागाने.

रोपवाटिकेतल्या माणसाने बजावलं होतं, दोन रोपांत दोन फूट सोडा. मी कापड मोजायचा टेप लावून बरोबर दोन फूट सोडले. मग ट्रेमध्ये उरलेली रोपं बघितली, मधली रिकामी जागा बघितली, आणि प्रत्येक मोकळ्या जागेत एकेक रोप खोचून दिलं. ही स्वयंपाकघराच्या खिडकीत स्टूल टाकून बसली होती.

"अहो, घरात माणसं दोन," ती म्हणाली. "एवढे टोमॅटो कोण खाणार? स्वल्प लावा की."

"अर्धी रोपं मरतात. मार्जिन ठेवलंय."

आमच्या शिवणकामात ही सवय हाडात मुरते. ब्लाउज बेतताना मापापेक्षा थोडं जास्त कापड धरायचं आणि ते शिवणीच्या आत दडवून ठेवायचं. बाई पुढे अंगाने भरते, तेव्हा उसवून सैल करायला आत काहीतरी लागतं. मार्जिन न ठेवणारा टेलर आज वाहवा मिळवतो आणि पुढच्या दिवाळीला शिव्या खातो. मी टोमॅटोलाही मार्जिन ठेवलं. एकही रोप मेलं नाही.

झाडं गुडघ्याला लागली, मग कमरेला. काठ्या रोवल्या, दुकानातल्या उरल्यासुरल्या कापडाच्या पट्ट्यांनी झाडं बांधली. खाकी, निळी, चौकड्याची, कुठल्या कुठल्या शाळांची. मग टोमॅटो धरले आणि धरतच राहिले. आज टोपलीभर काढावेत तर उद्या पुन्हा तेवढेच लाल. त्यात त्या वर्षी भाव पार कोसळला होता. बेळगोळच्या रस्त्याने गेलं की कडेला ओतून टाकलेल्या टोमॅटोंचे ढीग दिसायचे, टेम्पोवाल्यांना डिझेलही परवडत नव्हतं म्हणे. फुकट द्यायचे म्हटलं तरी घेणाऱ्याच्या घरी आधीच टोपली भरलेली.

तरी मी वाटायला निघालो. आमच्या गल्लीत भांडं रिकामं परत करायची रीत नाही. त्यामुळे मी टोमॅटो भरून दिलेलं पातेलं कोडबळी, चकल्या, कोणाच्या नातवाच्या वाढदिवसाचा केक असं काहीबाही घेऊन घरी यायचं. पातेलं घेऊन येणारी शेजारीण दारातच उभी राहून हळू आवाजात विचारायची, काही खातात का? मी नाही म्हणायचो. मग ती आत डोकावायची, चकली पुढे करायची आणि ही हसून म्हणायची, "ठेवा, नंतर खाते." ती नंतर खायची नाही. कोपऱ्यात डबे साचायला लागले. एवढं खाणं घरात, आणि जिने खायचं तिच्या तोंडात घास जात नाही. मला त्या डब्यांचा संताप यायला लागला आणि मी वाटणं बंद केलं.

आजारावरच्या औषधांनी तिच्या तोंडाची चव गेली होती. नुसती गेली असती तर बरं. तिच्या जागी दुसरंच काही आलं होतं. भात घ्या, दूध घ्या, केळं घ्या, तिला सगळं एकसारखं लागायचं. कसं लागतं म्हणून एकदा विचारलं, तर म्हणाली, "तुमच्या टाचण्या तोंडात धरल्यासारखं."

हे तिने दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तर त्याला कळलं नसतं. मी आयुष्यभर ओठांत टाचण्या धरून कापडं बेतली आहेत. ती चव मला माहीत आहे, जिभेच्या टोकाला गार, कडवट, दुपारभर पाणी पिऊनही न जाणारी. ती आता तिच्या प्रत्येक घासात होती. त्या दिवशी मी परसात जाऊन बराच वेळ झाडांची वाळकी पानं तोडत बसलो.

मला एकच हवं होतं. तिने काहीतरी मागावं. किती खाल्लं ते डॉक्टरांना हवं होतं, वजनाचा काटा त्यांच्याकडे होता. मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं, मला अमुक खावंसं वाटतंय, करा. कारण लग्न झाल्यापासून तिने माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. दसरा-दिवाळीला गिऱ्हाइकांचे ढीग पडलेले असायचे, तिच्या ब्लाउजची पाळी येईपर्यंत सण उलटून जायचा. जगातल्या बायका साडीवर ब्लाउज शिवून घेतात. ही असलेल्या ब्लाउजवर जाईल अशी साडी शोधून आणायची आणि वर मलाच दाखवायची, बघा कशी जुळली.

चव कुठून तरी आत शिरते हे अपघाताने कळलं. दुपारी मी माझ्यापुरतं काहीतरी करावं म्हणून दोन टोमॅटो गॅसवर वांग्यासारखे भाजले. साल काळी पडून फुटली, रस बर्नरवर सांडला, घरभर करपट आंबूस वास सुटला. साल काढली, हाताने कुस्करले, मीठ, हिरवी मिरची, वरून कच्चं तेल. तिने खोलीतून विचारलं, "काय करताय?" मी वाटी नेऊन दाखवली. तिने बोट बुडवून चाटलं आणि डोळे मिटले. आंबट मात्र तिला आंबटच लागत होतं. टाचण्यांच्या वर चढून ते पोचत होतं. त्या दुपारी तिने त्या भरताबरोबर डावभर मऊ भात खाल्ला, आणि मी असा खूश झालो की बंगळूरला मुलीला भर ऑफिसच्या वेळात फोन केला.

तिथून माझं खूळ सुरू झालं. मला स्वयंपाक येत नव्हता म्हणणं खोटं ठरेल. चहा आणि उप्पीट यायचं. पण आता परसात टोमॅटोचा डोंगर होता आणि घरात एक माणूस ज्याला फक्त आंबट कळतं. मी चिंच बंद केली आणि जिथे जिथे चिंच पडते तिथे टोमॅटो घातला. पुळियोगरेला, म्हणजे चिंचेच्या भाताला, दाट गोज्जू करतात तसा टोमॅटोचा रस तेल सुटेपर्यंत आटवला, काळसर लाल, जाड, आणि तो भाताला चोळला. तांदूळ भिजवून टोमॅटोबरोबर वाटले आणि त्याचे डोसे घातले. तव्यावर ते केशरी दिसायचे, कडेला जाळी पडायची. हिरवे, कडक टोमॅटो चकत्या कापून, नाचणीच्या पिठात घोळवून वांग्याच्या कापांसारखे परतले. हे तिला फार आवडले. म्हणजे तिने तीन चकत्या खाल्ल्या. माझ्या त्या दिवसांतल्या हिशेबाने हे फार आवडणं.

मुलगी शनिवारी यायची आणि फोनवर बघून बघून आणखी काय काय सांगायची. तिचं मराठी घरापुरतं, त्यातही अर्धं कानडी आणि अर्धं इंग्लिश. "अप्पा, टोमॅटोचं हलवा पण करतात, नोडी इल्ली, हे बघा, फोटो आहे." मी म्हटलं, करू. केसरीबात करतात त्यात लोक रंग घालतात, आपण रंगाऐवजी टोमॅटोचा रस घालू. रवा तुपात भाजला, रस ओतला, साखर, वेलची. पातेल्यात जे झालं ते दिसायला लग्नातल्या शिऱ्यासारखं आणि चवीला सांगता येत नाही असं. मुलगी एक चमचा खाऊन माझ्याकडे बघत राहिली. ही मात्र पलंगावर हसत होती, पोट धरून, ऑपरेशनचे टाके दुखतात म्हणत. शिरा कोणी खाल्ला नाही. पण तिला असं हसताना बघून किती दिवस झाले होते, ते आम्हा दोघांनाही त्याच वेळी जाणवलं आणि आम्ही पातेलं उचलून स्वयंपाकघरात आलो.

पाडव्यानंतर रामनवमीच्या सुमाराला गूळ-वेलचीचं पानक करतात, तसं मी टोमॅटोचं केलं. गच्चीवर तिची जुनी साडी अंथरून मीठ लावलेल्या चकत्या वाळवल्या, सांडगे घालतात तशा. त्या चामड्यासारख्या व्हायच्या, पण एखादी गालात धरून ती तासन्‌तास बसायची. टीव्हीवर भजन लावलेलं, गालात टोमॅटो, डोळे अर्धे मिटलेले. मी विचारायचो, "उद्या काय करू?"

"काहीही करा."

"तुला काय हवं ते सांग ना."

"मला कुठे काय हवंय. तुम्ही कराल ते चांगलंच असतं."

हे ऐकून मी चिडायचो. मनातल्या मनात नाही, उघड. पातेली आदळायचो. गिऱ्हाईक येऊन "तुम्हाला आवडेल तसं शिवा" म्हणतं ना, ते सगळ्यात वाईट गिऱ्हाईक. माप नाही, गळा नाही, बाही नाही, आणि बिघडलं तर दोष आपला.

मग तिने एक युक्ती काढली. आमच्या घरात एकादशी पाळतात. आमची मंडळी कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे मैसूरला आली, भाषा निम्मी कानडी झाली, पण विठ्ठल आणि एकादशी सुटली नाही. आजारातही ती उपास सोडेना. महिन्यात दोन एकादश्या येतात, तेवढं मी सहन केलं. पण हळूहळू आमच्या घरात एकादश्या वाढायला लागल्या. मी ताट नेलं की म्हणायची, "आज एकादशी."

"काल झाली की."

"ती स्मार्त. आज भागवत."

दुसऱ्या दिवसाला भागवत म्हणून मी एकदा फसलो. त्यानंतर भिंतीवरचं कॅलेंडर काढून पलंगाजवळ लावलं. तर म्हणे, कॅलेंडर छापणाऱ्यांना काय कळतं. तिला खायचं नव्हतं आणि मला तोंडावर नाहीही म्हणायचं नव्हतं, म्हणून ती विठ्ठलाला मधे घालत होती. मला हे कळत होतं. तिला हेही कळत होतं की मला कळतंय.

टोमॅटो आमच्याकडे उपासाला चालत नाही. तेव्हा मी सरळ पेठेतल्या विठ्ठलमंदिरात गेलो आणि भटजींना विचारलं. आमच्या लग्नात हेच मंगलाष्टकं म्हणत होते, आता त्यांचेही दात पडलेत. सगळं ऐकून ते म्हणाले, "रोग्याला सगळं चालतं, अल्वा, हो की नाही? देव काय पथ्य बघत बसत नाही. माझं नाव सांगा तिला."

घरी येऊन मी साबुदाण्याच्या खिचडीत टोमॅटो घातला. ती ताटलीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "भटजींना विचारून आलात?" मी हो म्हटलं. "एवढ्या लांब, उन्हात, एवढ्यासाठी?" मी पुन्हा हो म्हटलं. तिने खायला सुरुवात केली. चार-पाच चमचे झाल्यावर ताटली माझ्याकडे सरकवून म्हणाली, "साकु." पुरे झालं की ती नेहमी कानडीत साकु म्हणायची. त्या शब्दापुढे माझं कधीच काही चाललं नाही.

याच दिवसांत मी आणखी एक काम करत होतो. तिचे ब्लाउज. ते तिच्या अंगावर लोंबायला लागले होते, खांद्यावरून उतरायचे. ती दुपारी झोपली की मी कपाटातून एकेक काढायचो, दुकानातून घरी आणलेल्या मशीनवर बसायचो आणि दोन्ही बाजूंनी शिवण आत घ्यायचो. अर्धा इंच, पुन्हा अर्धा इंच. मशीन हळू चालवायचो, आवाज होऊ नये म्हणून पायाखाली गोणपाट घातलं होतं. ब्लाउज नीट बसला तर तिला आपण किती वाळलोय ते कळणार नाही, असा माझा हिशेब. आयुष्यभर मी बायकांना ब्लाउज सैल करून दिले. आत घ्यायची पाळी फारशी येत नाही आमच्या धंद्यात.

एक दिवस मी वाटी घेऊन गेलो तर तिने ब्लाउजची कड उलटी करून धरली होती. आत कापडाची जाड घडी झाली होती, तिच्यावर माझ्या टिपांच्या ओळी एकीशेजारी एक.

"अजून किती आत घेणार?" ती म्हणाली. "पुढची शिवण मागच्या शिवणीला जाऊन टेकेल."

मग तीच म्हणाली, "छान बसवलाय पण. सुम्ने, उगाच कापून टाकू नका हे आतलं कापड. परत लागेल."

परत लागेल असं ती मला बरं वाटावं म्हणून म्हणाली. आजारी कोण होतं आणि समजूत कोणाची निघत होती. मी वाटी तिथेच ठेवून परसात गेलो. टोमॅटो लाल होऊन फुटत होते, खाली पडत होते, मुंग्या लागत होत्या. एवढं पिकायचं काय कारण होतं त्या झाडांना? मी दोन झाडं काठीसकट उपटून कुंपणापलीकडे भिरकावली. बाकीची उपटायचं बळ राहिलं नाही.

मग तिच्या तोंडात फोड आले आणि आंबटाचाही रस्ता बंद झाला. भाजलेल्या टोमॅटोचा थेंब लागला तरी ती गाल धरून बसायची. आंबटाखेरीज तिला काही लागत नव्हतं आणि आंबट सोसत नव्हतं. डॉक्टर म्हणाले गार, पातळ, सौम्य द्या. मी टोमॅटो उकळून साल काढायचो, बिया काढायचो, दुकानातली नवी मलमल धुऊन तिच्यातून गाळायचो. एकदा, मग दुहेरी करून. ते पाणी जवळजवळ रंग नसलेलं उतरायचं. त्यात नारळाचं दूध, गूळ, खूप गूळ, आणि फ्रिजमध्ये गार. टोमॅटोचं पायस म्हणा हवं तर. टोमॅटोतलं सगळं टोमॅटोपण मी गाळून फेकत होतो आणि तरी मला टोमॅटोच हवा होता, दुसरं काही करायचं मला सुचतही नव्हतं. त्याच पाण्याचे बर्फाचे खडे करून मी तिच्या ओठांवर धरायचो. मुलगी सुट्टी काढून घरी येऊन राहिली होती. ती म्हणायची, "अप्पा, स्वल्प बसा. मी देते." मी बसायचो नाही.

"काय हवं तुला?" मी रोज विचारायचो. आता ती उत्तरही द्यायची नाही, नुसती मान हलवायची. एका सकाळी तिने तीन चमचे पायस घेतलं. चौथा चमचा पुढे केला तर तिने माझं मनगट धरलं. पकड अशी हलकी की आहे की नाही कळू नये. मी म्हटलं, "हे नको तर दुसरं करतो. काय करू सांग." तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "साकु." नेहमीसारखंच म्हणाली, ताटली सरकवताना म्हणायची तसं. त्यानंतर तिने काही खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली, घरातच, मुलगी एका बाजूला आणि मी एका बाजूला असताना.

सुतकात आमच्या घरचं कोणी काही घेत नाही. परसात टोमॅटो पिकून गळत होते आणि मी त्यांच्याकडे बघत नव्हतो. आमच्या दोघांचा डबा नातेवाइकांकडून यायचा. मुलगी जेवायची, मीही जेवायचो. माणूस जेवतो, याचीच मला लाज वाटायची.

दहाव्याला श्रीरंगपट्टणला कावेरीकाठी जायचं होतं. आदल्या दिवशी भटजी काय काय लागेल ते सांगायला आले. भात, वरण, वडे, खीर, तिच्या आवडीचं एखादं. मी म्हटलं, "टोमॅटोचं काहीतरी करू. ती शेवटी तेवढंच खात होती."

"श्राद्धाच्या स्वयंपाकाला टोमॅटो घेत नाहीत."

"तुम्हीच म्हणालात रोग्याला सगळं चालतं."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हो. पण आता ती रोगी नाही," ते म्हणाले. त्यांनी ते मायेनेच म्हटलं. मला मात्र इतका राग आला की मी उठून आत गेलो आणि ते गेल्यावरच बाहेर आलो.

सकाळी निघताना मी परसातले चार टोमॅटो तोडून पिशवीत टाकले. कोणाला सांगितलं नाही. खरं सांगायचं तर माझ्या मनात एक योजना होती. पिंड ठेवला की कावळ्याची वाट बघतात. गेलेल्या माणसाचं काही राहिलेलं असेल तर कावळा येत नाही, किंवा येतो आणि दूर बसून राहतो. मग घरचे हात जोडून विचारतात, काय राहिलंय, आम्ही करू. माझ्या वडिलांच्या वेळी ऊन चढेपर्यंत शिवला नव्हता. थोरल्या काकांनी माझ्या बहिणीच्या लग्नाचं वचन दिलं तेव्हा कुठे खाली उतरला. लोक घाबरतात कावळा न शिवण्याला. मी त्याचीच वाट बघत होतो. मला खात्री होती की ती अडून बसेल. निदान आता तरी काहीतरी मागेल. आणि मग मी टोमॅटो काढून ठेवणार होतो, भटजींनी कितीही आरडाओरड केली तरी. तेही नसेल तर आणखी काय हवं ते विचारणार होतो. दुपार झाली, संध्याकाळ झाली तरी मी तिथून हलणार नव्हतो. मागायला तिला मी पुष्कळ वेळ देणार होतो.

पिंड पानावर ठेवला. आम्ही मागे सरलो. भटजी म्हणाले, "आता जरा धीर धरायचा." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत एक कावळा पलीकडच्या भिंतीवरून सरळ खाली आला आणि त्याने भातात चोच घातली.

मी धावलो. दोन्ही हात उगारून मी त्याला हाकललं. हुश्श हुश्श करत, रस्त्यावरच्या कुत्र्याला हाकलावं तसं. मागे कोणीतरी अय्यो म्हणालं. मुलीने हाक मारली, "अप्पा." भटजींनी माझा दंड धरला. "अहो, शिवला की. करताय काय?"

"थांबा," मी म्हटलं. "मी अजून विचारलंच नाही."

कावळा भिंतीवर जाऊन बसला होता. मी हात जोडले. इतक्या लोकांसमोर मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो. "काय हवंय तुला?" मी म्हटलं. "काही राहिलं असेल तर सांग. घाई नाही. मी थांबतो." आणि पिशवीत हात घातला. पण टोमॅटो बाहेर निघेपर्यंत तो परत खाली उतरला होता. त्याच्याबरोबर आणखी दोघे आले. मला न जुमानता, शांतपणे, एकेक शीत उचलून त्यांनी सगळा भात खाल्ला.

सगळे पुढे आले. माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणू लागले, भाग्यवान आहात, फार थोड्यांचा असा झटकन शिवतो. तृप्त होऊन गेली, तिचं काही म्हणता काही राहिलं नव्हतं. मी प्रत्येकाला हो म्हणालो. मग पायरीवर बसलो आणि पोरासारखा रडलो, कारण तिचं काहीतरी राहिलेलं मला हवं होतं.